खानदेशी गळ, खारं पाणी

समुद्र खानदेशाला कुठल्याच बाजूने लागत नाही. जळगाव-धुळ्याहून जवळचं खारं पाणी सुरतेपलीकडे, डुमसला. आणि तिथे समुद्राला मिळते ती आपलीच तापी. मुलताईपासून ७२४ किलोमीटर चालत, वाटेत हतनूर, सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा, उकाई असे बांध ओलांडत आलेली. सुरतेच्या उधना, लिंबायत, पांडेसरा भागात प्रत्येक खानदेशी घरातलं कुणी ना कुणी राहतं. तरीही गळ घेऊन डुमसला निघालेला खानदेशी माणूस मला अजून भेटायचा आहे. खंबातच्या आखाताचं पाणी गढूळ, किनारा चिखलाचा, आणि भरती-ओहोटीतला फरक एवढा की सकाळी पाण्यात उभी केलेली होडी दुपारी चिखलात बसलेली दिसते. म्हणून हौशी माणूस सात-आठशे किलोमीटरचा वळसा घेतो आणि मालवण गाठतो.

*

मंगला एक्स्प्रेस भुसावळ-जळगाव करत पनवेलहून कोकण रेल्वेला लागते. आमच्यासारख्यांची सोय तीच. रत्नागिरीला उतरायचं, पुढे गाडी करायची. रॉड मोडू नयेत म्हणून ते पीव्हीसीच्या पाइपात घालून नेतो. डब्यात हटकून कुणी तरी विचारतं, "ठिबकचं काम करता का?" जळगावचा माणूस पाइप घेऊन निघाला की दुसरं कुणाला काही सुचत नाही. दाजी धुळ्याचे, ते गंभीरपणे 'हो' म्हणतात आणि समोरच्याला केळीच्या बागेला पाणी किती द्यावं ते सांगत बसतात. दाजींचं आयुष्य कापडाच्या दुकानात गेलं आहे.

*

हंगाम. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना समुद्रात मासेमारी बंद. माशांच्या विणीचा काळ तो, आणि समुद्रही तेव्हा कुणाला जवळ करत नाही. नारळी पौर्णिमेनंतर होड्या उतरतात, पण पाहुण्यांना न्यायला पाणी निवळायला लागतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा काळ. या दिवसांत रात्री जमीन लवकर थंड होते आणि पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. मालवणकडे त्याला मतलई म्हणतात. त्या वाऱ्यात लाट दबलेली असते. सूर्य वर आला, जमीन तापली की वारा उलटतो आणि दुपारी समुद्र खडबडीत होतो. मासेमारीची सहल पहाटे का निघते, याचं उत्तर एवढंच. आम्हाला आधी वाटायचं, मासे सकाळी भुकेले असतात म्हणून.

*

आदल्या संध्याकाळी नाखवा भेटायला आला. (होडीचा मालक तो नाखवा, होडी चालवणारा तांडेल, इथे दोन्ही एकच. देवबागचा, साठीच्या आसपासचा. आम्ही काका म्हणतो.) त्याने आमच्या रॉडकडे, रीलकडे, रंगीत प्लॅस्टिकच्या माशांच्या डबीकडे पाहिलंसुद्धा नाही. विचारलं ते इतकंच : बोट कुणाला लागते? पोहता कुणाला येतं? रात्री जेवणार काय? आणि मग स्वतःशीच, "उद्या दशमी."

दशमी म्हटल्यावर त्याचा उद्याचा दिवस ठरला. आमचा ठरायला अर्धा तास लागला, कारण मी मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक शोधत होतो आणि खोलीत रेंज नव्हती.

*

तिथीचा हिशेब. कोकणात शाळकरी पोरालाही येतो, आपल्याकडे पंचांग घरोघरी असून कुणाला माहीत नसतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. अष्टमीला आठ पाऊणे सहा : सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाला पूर्ण भरती. दशमीला साडेसात. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटी. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा येतो, पाऊण तास हा त्याचाच सोपा आकडा. गावागणिक थोडं मागेपुढे होतं, पण होडी काढायला एवढं पुरतं.

दुसरी गोष्ट ओढीची. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, पाणी जोरात चढतं-उतरतं, शिसं लावलेला गळसुद्धा तळाशी टिकत नाही, वाहत जातो. अष्टमी-नवमीच्या आसपास भांग; पाणी संथ, ओढ कमी. दशमी म्हणजे भांगातून नुकतं बाहेर पडलेलं पाणी, हलतं पण ओढून नेत नाही. पाहुण्यांसाठी असलाच दिवस निवडावा, असं काकांचं मत. आमच्या मतात सुट्टी आणि रिझर्व्हेशन यांपलीकडे काही नव्हतं.

*

देवबाग ही जमिनीची एक चिंचोळी पट्टी आहे. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदीची खाडी, आणि टोकाला दोघांचा संगम. होडी खाडीत बांधलेली. फायबरची, मागे आउटबोर्ड इंजिन, मधे बर्फाची पेटी. निघताना अंधारच होता. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय काका दोर सोडेनात. दाजींना ते पोटावर बसेना, म्हणून त्यांनी हातात धरलं. काका इंजिन बंद करून गप्प बसून राहिले. दाजींनी जॅकेट घातलं.

मे २०२२ मध्ये तारकर्लीच्या समुद्रात स्कूबाचे पर्यटक नेणारी बोट उलटून दोघांचा जीव गेला. इथल्या लोकांच्या बोलण्यात तो विषय अजून येतो.

*

दिवसातला सगळ्यात अवघड भाग मासा धरण्याचा नसतो, संगमातून बाहेर पडण्याचा असतो. नदी वाळू आणते, समुद्र ती आत ढकलतो, आणि तोंडाशी वाळूचा दांडा तयार होतो. त्यावर पाणी उथळ, म्हणून बाहेरची लाट तिथे येऊन फुटते. ओहोटी असेल तर खाडीचं पाणी बाहेर धावतं, लाट आत येते, आणि दोघांच्या झोंबीत लाट आणखी उभी होते. भरतीला पाणी खोल असतं, दांडा बुडालेला असतो. म्हणून सहाला निघायचं. साडेसातच्या भरतीआधीचं चढतं पाणी मिळतं.

तरीही काका तोंडापाशी थांबले. इंजिन मंद, होडी जागच्या जागी. त्यांची नजर बाहेर. काही लाटा जाऊ दिल्या, मग एकदम इंजिनाचा आवाज चढला आणि आम्ही बाहेर. वाळू पावसाळ्यागणिक सरकते, गेल्या वर्षीची वाट यंदा नसते. हे सगळं त्यांच्या डोक्यात आणि रोजच्या रोज दुरुस्त होणारं. सहलीचे पैसे खरे इथे वसूल होतात, आणि पाहुण्यांना त्याचा पत्ताही नसतो. ते सेल्फी काढत असतात.

*

जागा. समुद्रात सगळीकडे पाणी सारखं दिसतं, मासे सगळीकडे नसतात. तळाला खडक असेल तिथे तांबोशी आणि गोबरा, वाळू असेल तिथे मुडदुसे, वरच्या पाण्यात बांगडा, त्याच्या मागावर सुरमई. काकांची खूण जुन्या पद्धतीची : किनाऱ्यावरचं देवळाचं शिखर आणि त्यामागच्या डोंगराची खाच एका रेषेत आली पाहिजे, आणि दुसऱ्या बाजूला टॉवर एका माडाच्या डोक्यावर. दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे खाली खडक. मोबाइलमध्ये जीपीएसवरही जागा साठवलेल्या आहेत, पण त्या त्यांच्या पोराने साठवल्या. ते स्वतः अजून शिखराकडेच बघतात. टॉवर मात्र त्यांच्या वडलांच्या वेळी नव्हता. तेव्हा तिथे काय धरत, असं विचारलं तर म्हणाले, "आंबो होतो. पडलो."

*

हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उपग्रहांनी टिपलेलं पाण्याचं तापमान आणि रंग पाहून मासे कुठे असण्याचा संभव आहे ते रोज कळवते. उंच लाटांचा इशाराही तिथूनच येतो. काका दुसरं न चुकता बघतात, पहिलं कधीमधी. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की मात्र कुणीच डोकं चालवायचं नाही, घरी बसायचं.

*

सामानाबद्दल थोडं. दाजींचा रॉड कार्बन फायबरचा, रीलमध्ये वेणीसारखी गुंफलेली दोरी, शिवाय जिग, पॉपर, लूर, आणि हे सगळं कुठल्या पाण्यात वापरावं याचे व्हिडिओ पाहून पाठ. काकांकडे प्लॅस्टिकच्या बाटलीला गुंडाळलेला तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, टोकाला शिसं, दोन गऱ्या. आमिषाला कोळंबी आणि माकुळाचे काप.

लूर वाईट असतात असं नाही. धावत्या होडीमागे ते ओढत नेले तर सुरमई, कुपा त्यावर झडप घालतात; अंदमानात मोठमोठ्या कोकर माशांसाठी जगभरचे लोक येतात ते पॉपर घेऊनच, आणि धरलेला मासा फोटो काढून सोडून देतात. पण उभ्या होडीतून, खडकावरच्या तळाला, नवख्या हातांनी मासा काढायचा तर माकुळाचा वास कामाला येतो. काकांनी हे बोलून दाखवलं नाही. दाजींनीच थोड्या वेळाने डबी मिटली.

*

आपल्याकडे तापीवर, गिरणेवर गळ टाकतात तो कणकेच्या गोळ्याचा नाही तर गांडुळाचा, वर मोरपिसाचं देठ तरंगतं. देठ थरथरलं, मग बुडालं की झटका द्यायचा. डोळ्यांचा खेळ. इथे तरंगतं काही नाही. तंगूस बोटावरून गेलेला असतो आणि वीस मीटर खालचं सगळं त्या बोटाला कळतं : शिसं वाळूवर टेकलं, खडकावर घासलं, लहान पोरं आमिष कुरतडताहेत, की कुणी मोठं आलं आहे.

पहिली ओढ आली तेव्हा मी तापीच्या सवयीने झटका दिला. काका म्हणाले, "घाई करू नका हां. तो खाता हा. खाऊंदे." पुढच्या वेळी ओढ आली, थांबलो, पुन्हा ओढ, आणि मग दोरी एकदम जड. "आता वडा!"

दाजींची दोरी त्याच वेळी अडकली. रॉड वाकला, दाजी लाल झाले, आणि तोंडातून अहिराणी बाहेर पडली : "मासा शे का खडक शे?"

खडक होता. काकांनी होडी उलट्या दिशेला नेली, दुसऱ्या कोनातून हलकेच ओढलं आणि गळ सोडवून दिला. अर्धी सकाळ हेच काम त्यांचं : आमच्या गुंतलेल्या दोऱ्या सोडवणं.

*

काय लागलं. शिंगाळा : त्याच्या परांचे काटे विषारी, टोचला तर तासन् तास ठणकतो, काकांनी आम्हाला हात लावू दिला नाही, पक्कडीने गरी काढली. केंड : पाण्याबाहेर आला की पोट फुगवून चेंडू होतो. हा खाऊ नये, याच्या अंगातलं विष शिजवूनही जात नाही. परत पाण्यात. मुडदुसे, चांगले. तांबोशी, लालभडक, माझी मघाची जड दोरी ती हीच. एक गोबरा तळहाताएवढा.

गोबरा ठेवायचा म्हणून सोबत आलेल्या भाच्याने पेटी उघडली. काकांनी तो ओल्या हातांनी धरून पाण्यात सोडला. गोबऱ्याची गोष्ट वेगळी आहे. हा मासा आधी मादी असतो आणि मोठा झाल्यावर त्यातले काही नर होतात. मोठे मोठे सगळे काढून नेले तर मागे नरच उरत नाहीत, आणि लहान काढले तर मोठा कुणी होत नाही. दोन्हीकडून अडचण.

*

२०२३ मध्ये राज्य सरकारने ५४ प्रजातींसाठी मासा किमान किती लांब असल्याशिवाय धरायचा नाही हे ठरवून दिलं. पापलेटला १३५ मिलिमीटर. त्याच वर्षी पापलेट राज्यमासाही झाला. जळगावच्या बाजारात थर्माकोलच्या खोक्यातून येणारे पापलेट कधी पट्टी लावून बघा. आपण गिऱ्हाईक आहोत, लहान मासा मागतो ते आपणच, कारण तो स्वस्त पडतो आणि ताटात अख्खा दिसतो.

*

मालवणचा सिंधुदुर्ग किल्ला आणि भोवतालचं पाणी मिळून १९८७ साली सागरी अभयारण्य झालं. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर, त्यातलं तीन-सव्वातीन चौरस किलोमीटर गाभ्याचं. किल्ल्याजवळ प्रवाळ आहेत. तिथे गळ टाकायचा नाही, नांगरही नाही. किल्ल्याच्या तटावरून फोटो चांगला येईल म्हणून होडी तिकडे न्या, असं सांगणारे पाहुणे येतात. नेणारेही सापडतात. काका नेत नाहीत.

*

बोट लागणे. भाचा साडेआठपर्यंत बरा होता. मग होडी उभी राहिली, डोलायला लागली, त्याने मोबाइलमध्ये मान घातली, आणि संपलं. रात्री त्याने सोबत आणलेली शेवभाजी खाल्ली होती, जळगावहून निघताना भरून दिलेली. काका जेवणाचं का विचारत होते ते तेव्हा कळलं. उपाय जुनेच : नजर क्षितिजावर, बसायचं होडीच्या मध्याला नाही तर मागे, आल्याचा तुकडा दाढेखाली. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून आणि निघण्याआधी. उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. उभी होडी चालत्या होडीपेक्षा जास्त लागते. काकांनी न बोलता नांगर उचलला आणि थोडा वेळ होडी चालवत ठेवली. त्या वेळात मासेमारी बंद. आमच्यापैकी कुणी तक्रार केली नाही, हे आमच्या बाजूने लिहून ठेवतो.

*

मासा न लागण्याचे तास लांब असतात. त्यात काकांचं बोलणं निघतं. रापणीचं बोलतात : किनाऱ्यावरून जाळं घालून गावाने ओढायचं आणि वाटे करायचे. मग मोठे ट्रॉलर, परराज्यांतून येणाऱ्या वेगवान बोटी, पर्ससीन जाळी. पर्ससीनवर राज्याने २०१६ च्या फेब्रुवारीत निर्बंध आणले. रात्री झगझगीत एलईडी दिवे पाण्यात सोडून मासा गोळा करणंही बंद केलेलं आहे. कागदावर. "बत्ती लावली की सगळोच येता," काका म्हणाले, "पिल्लासकट." दिवसभर जाळं घालून डिझेलही निघेना, तेव्हा त्यांनी पाहुणे न्यायला सुरुवात केली. आता पाहुण्यांवर घर चालतं, जाळं अधूनमधून. पोरगा मात्र नुसते पाहुणेच नेतो. जाळं विणायला त्याला येत नाही.

*

पाहुण्यांना गळ टाकायला नेणं हा जगात मोठा धंदा आहे. फ्लोरिडाच्या दक्षिणेला कीज बेटांजवळच्या गुडघाभर पाण्यात वाटाड्या होडीच्या मागच्या उंच चौथऱ्यावर उभा राहून बांबूसारख्या काठीने होडी ढकलतो. पाण्यात मासा आधी त्यालाच दिसतो. मग घड्याळाच्या भाषेत सांगतो : होडीचं नाक म्हणजे बारा, मासा अकरावर, चाळीस फुटांवर. पाहुण्याने तिकडे गळ फेकायचा. तिथे वाटाड्याला बक्षिसी बिलाच्या पंधरा-वीस टक्के देण्याची रीत आहे. लोक वर्षवर्ष आधी विशिष्ट वाटाड्याची तारीख धरून ठेवतात. होडी कुठली आहे हे विचारतही नाहीत.

काका घड्याळ वापरत नाहीत. हनुवटीने दाखवतात.

*

साडेदहाला अंगावरचा वारा थांबला. दहा मिनिटं काहीच नाही, समुद्र तेल ओतल्यासारखा. मग वायव्येकडून पहिली झुळूक. "वारो फिरलो. आता घराक." नेमका तेव्हा दाजींना मासा लागायला सुरुवात झाली होती, तंगुसावर, एकामागून एक बांगडे. दाजींनी अर्धा तास मागितला. जास्तीचे पैसे देतो म्हणाले. काका हसले आणि नांगर ओढायला घेतला. दशमीची ओहोटी पावणेदोनला. जितका उशीर तितका तोंडाशी दांडा वर, त्यात मागून वारा. हा हिशेब त्यांनी आदल्या रात्रीच केलेला होता.

वाटाड्या चांगला कसा ओळखावा, याची मला सापडलेली एकच कसोटी ही : मासे लागत असताना तो परत फिरतो का.

*

जेवण. मासे साफ काकूंनी केले, विळीवर, आमचं बोलणं संपायच्या आत. बांगड्याला तिरफळं घातलेली आमटी, तांबोशी तळलेली, सोलकढी. दाजींनी बरोबर काळ्या मसाल्याची पुडी नेली होती आणि ती कढईत पडावी अशी त्यांची फार इच्छा. काकूंनी वास घेतला, "मटणाक बरो," म्हणाल्या आणि पुडी ठेवून घेतली. माझं मत काकूंच्या बाजूने. ताज्या तांबोशीवर काळा मसाला घालणं हा अन्याय आहे. आपल्याकडचा मरळ किंवा वाम असेल तर गोष्ट निराळी. तिथे तो रस्सा लागतोच.

*

परतीच्या गाडीत हतनूरचा विषय निघाला. तापीवरचं हे धरण भुसावळपासून जवळ, ४१ दरवाजांचं, हिवाळ्यात पक्षी बघायला लोक येतात. तिथे पहाटे हवा भरलेल्या ट्यूबवर, थर्माकोलच्या तराफ्यावर बसून हातांनी पाणी सारत जाळी टाकणारे भोई, कोळी, भिल्ल लोक आहेत. जुन्या नदीचं पात्र कुठून जातं, बुडालेला बांध कुठे आहे, दरवाजे उघडले की मासा कुठल्या कोपऱ्यात सरकतो, कुठल्या महिन्यात वाम काठाला येते, हे त्यांना ठाऊक आहे. देवबागच्या काकांना जे येतं तेच हे, फक्त गोड्या पाण्यातलं. काकांच्या त्या माहितीला आम्ही बिनतक्रार पैसे मोजले. हतनूरच्या माणसाला आम्ही "ओ, बाजूला घ्या, फोटोत येताय" असं म्हणतो.

धरणाचा मासेमारीचा ठेका संस्थेकडे जातो, आणि संस्थेचा हिशेब किलोवर चालतो. तलावात बीज सोडतात ते कटला, राहू, मृगळाचं. हे मूळचे गंगेकडचे मासे, तापीतले नव्हेत. चिलापी तर आफ्रिकेची, आता जिकडेतिकडे तीच. नदीचे स्वतःचे मासे कुणाच्या हिशेबात नाहीत. गळाने मासा धरून पुन्हा सोडणाऱ्या हौशी माणसाकडून तासाचे पैसे घ्यायचे, त्यातला वाटा ट्यूबवरच्या माणसाला द्यायचा, असं काही का होऊ नये? मुंबईत पवईच्या तलावावर अँगलिंग असोसिएशनचे सभासद वर्षानुवर्षं गळ टाकतात, नियम पाळून. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोडे बघायला लाखभर माणूस तापीकाठी येतो आणि नदीकडे पाठ करून उभा राहतो.

दाजी म्हणाले, "भोईले इंग्रजी नई येत." काकांना तरी कुठे येत होतं.

*

अडचणी आहेत, त्या लिहून ठेवतो. ट्यूबवर पाहुणा बसवता येत नाही. धड होडी आणि जाकिटं लागतील. धरणाचं पाणी शांत दिसतं आणि माणसं बुडतात, दरवाजांच्या बाजूला तर जाऊच नये. पाटबंधारे खातं, मत्स्यव्यवसाय खातं आणि संस्था अशा तिघांची परवानगी. आणि एप्रिल-मे महिन्यात ४५ अंशांत कोण येणार? पण कोकणातही सहलीचे महिने चारच आहेत, आणि तेच चार महिने आपल्याकडेही हवा चांगली.

*

जाणाऱ्यांसाठी. तिथी आधी बघा, सुट्टी नंतर. होडी नोंदणीची आहे का, जाकिटं माणसांइतकी आहेत का, एवढं पैसे देण्याआधी विचारा. दर तासावर की फेरीवर, मासा कुणाचा, बर्फ-आमिष-डिझेल धरून की वेगळं, तेही. रॉड नसला तरी चालतं. पोहता येत नसेल तर ते लपवू नका. पट्टी जवळ ठेवा, लहान मासा सोडा, ओल्या हातांनी. नाखव्याने परत फिरायचं म्हटलं तर घासाघीस करू नका. आणि हतनूरला, गिरणेला, अनेरला गेलात तर गळ टाकण्याआधी ट्यूबवरच्या माणसाला विचारा कुठे टाकू, आणि त्याने सांगितलेल्या जागेचे पैसे त्याच्या हातावर ठेवा.